मुलांचे स्वतःचे संगीत नाटक : प्रस्तावना

प्राथमिक शाळेतल्या सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन, त्यांच्याच अनुभवातून कथानक उभे करावे, त्यांच्याच बोलीतल्या शब्दांना चाल लावावी आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला रंगमंचावर हक्काचे काम देऊन एक नवे संगीत नाटक बसवावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय दिसावयास लहान असला तरी संगीत, नाट्य, भाषा, बालमानस आणि शाळेचा दैनंदिन कारभार ही पाचही अंगे त्यात अशी गुंतलेली आहेत की, त्यांपैकी एकाचेच ज्ञान असलेला मनुष्य हमखास अडखळतो. उत्तम गायकाला चाळीस मुलांचा वर्ग आवरत नाही, उत्तम शिक्षकाला चाल सुचत नाही, आणि उत्तम नाट्यदिग्दर्शक मुलांना नट समजून त्यांच्याकडून नटाचे काम करून घेऊ पाहतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या या पुस्तकाने या पाचही अंगांचा मेळ घालण्याचा यत्न केला आहे. त्या यत्नाचे मोल नवागत वाचकाला कळावे म्हणून या विषयाचा एकंदर प्रदेश त्याला आधी दाखवणे मला अगत्याचे वाटते.

जानेवारी उजाडला की या दोन्ही जिल्ह्यांत गॅदरिंगचे वारे वाहू लागते. शाळेच्या पटांगणात मंडप पडतो, गावातून वर्गणी जमते, तालुक्याच्या गावाहून भाड्याने ड्रेपरी येते, आणि एरवी शाळेच्या पायरीवर न दिसणारे पालक लेकराचे कौतुक पाहण्यासाठी थंडीत रात्री उशिरापर्यंत बसून राहतात. हा उत्साह खरा आहे आणि त्यामागचे शिक्षकांचे श्रमही खरे आहेत. परंतु त्या रात्री मंचावर काय घडते ते तटस्थपणे पाहिले, तर चित्रपटातले गाणे ध्वनिक्षेपकावर वाजत असते, त्यावर निवडक आठ-दहा मुले चित्रपटातल्याच हालचाली करीत असतात, आणि वर्गातली उरलेली मुले मंडपात पुढच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवीत असतात. ज्यांनी नाच केला त्यांच्याही मुखातून त्या रात्री एकही स्वर निघालेला नसतो. सगळ्या शाळेचा म्हणून जो उत्सव, त्यात मुलाचा स्वतःचा आवाजच ऐकू येऊ नये, ही उणीव या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

वास्तविक गाणे, बोलणे आणि हालचाल ही एकत्र नांदण्याची कल्पना आपल्याकडे फार प्राचीन आहे. नाट्याची उत्पत्ती सांगताना नाट्यशास्त्राने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेतल्याची कथा दिली आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी त्या नाट्यशास्त्राचा जो साक्षेपी अभ्यास केला, त्यामुळे या भूमीतल्या वाचकाला हा ग्रंथ परका राहिलेला नाही. त्या कथेतला इतिहास बाजूला ठेवला तरी तिच्यातली दृष्टी टिकाऊ आहे: गीत हे नाट्याचे एक मूळ अंग आहे, त्यावर मागाहून चढवलेला अलंकार नाही. लहान मूल ही गोष्ट शास्त्र न शिकताच जाणते, कारण त्याच्या खेळात बोलणे केव्हा संपते आणि गाणे केव्हा सुरू होते याची सीमा आखताच येत नाही.

मराठी रंगभूमीचा प्रवासही याच दृष्टीने झाला. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सूत्रधाराच्या पदांवरच सारा प्रयोग तोललेला होता. आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, तेव्हा पात्रेच स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली. पुढच्या काळातील नाटक मंडळ्यांत कोवळ्या वयाची मुले दाखल होत, तेथेच वाढत आणि तेथेच गाणे शिकत; मात्र ती मोठ्यांच्या नाटकातली, मोठ्यांच्या भावना गाणारी मुले होती. आपल्या विषयाचा खरा पूर्वज मला त्या मंडळ्यांपेक्षा गणेशोत्सवातल्या मेळ्यांत दिसतो. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सव रूढ झाल्यावर गावोगाव जे मेळे निघाले, त्यांत शाळकरी मुले रांगेने उभी राहून नवी रचलेली पदे म्हणत, मध्ये छोटे संवाद होत, आणि त्या पदांत गावातल्या आणि देशातल्या ताज्या घडामोडींचा समाचार घेतलेला असे. नवी रचना, समूहाचे गाणे आणि आपल्याच भोवतालचा विषय ही तिन्ही लक्षणे तेथे एकत्र आली होती.

मराठवाड्यात या परंपरेची वाट अधिक बिकट होती. निजामी अमलात वरिष्ठ शिक्षण उर्दूतून चाले, आणि ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध फर्मानामुळे सभासंमेलनांना सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. त्यामुळे चार मुले जमवून सार्वजनिक ठिकाणी काही म्हणून घ्यावयाचे, तर आधी दरखास्त द्यावी आणि मंजुरीची वाट पाहावी, असा तो काळ होता. अशा स्थितीत १९२१ साली निघालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांसारख्या संस्थांनी मातृभाषेतील शिक्षणाची ज्योत जपली; स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हा प्रदेश मोकळा झाला, मराठी शाळा गावोगाव पोहोचल्या, आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्रभर रुजवलेली समूहगीताची आवड पुढे शाळांच्या प्रांगणातही शिरली. परंतु गाणे शाळेत आले ते प्रार्थना, समूहगीत आणि स्वागतगीत या रूपांत. नाटक आले ते एकांकिका म्हणून. आणि दोहोंची भेट क्वचितच झाली.

इकडे पुण्या-मुंबईत बालनाट्याला स्वतंत्र रूप येत होते. आचार्य अत्र्यांनी मुख्याध्यापक असताना विद्यार्थ्यांसाठी ‘गुरुदक्षिणा’सारखे नाटक लिहिले, पु. ल. देशपांडे, विजय तेंडुलकर आणि सई परांजपे यांनी मुलांसाठी लेखणी उचलली. १९५९ साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटरच्या वतीने रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले, आणि पुढे मतकरींनी स्वतःच्या ‘बालनाट्य’ या संस्थेद्वारे अनेक वर्षे मुलांसाठी नाटके केली. त्यांचे ‘अलबत्या गलबत्या’ आजच्या पिढीपर्यंत येऊन पोहोचले आहे. १९८६ पासून मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात रुजली. तिने राजे, पऱ्या आणि राक्षस बाजूला सारून मुलांच्या घरातले आणि शाळेतले प्रश्न गाण्यांसह रंगभूमीवर मांडले. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा मराठवाड्यातल्या मुलांनाही सुसज्ज रंगमंचावर घेऊन आली, आणि तिच्यामुळे आपल्याकडील अनेक शिक्षक नेपथ्य, प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत यांचा विचार करू लागले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातही विसाव्या शतकात या प्रश्नाचा मोठा विचार झाला. शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांसाठी रवींद्रनाथांनी १९०८ मध्ये ‘शारदोत्सव’ लिहिले, त्याला समांतर असे प्रयोग युरोपात पुढे होऊ लागले. जर्मनीत कार्ल ऑर्फ यांनी बोलणे, टाळी आणि पदन्यास यांतून संगीताकडे नेणारी पद्धती मांडली आणि १९५० ते १९५४ या काळात तिचे खंड प्रसिद्ध केले. इंग्लंडात बेंजामिन ब्रिटन यांनी १९४९ साली ‘लेट्स मेक अॅन ऑपेरा’ ही कृती दिली; तिच्या पूर्वार्धात मुले आणि मोठी माणसे मिळून संगीतनाट्य रचताना दिसतात, उत्तरार्धात तेच संगीतनाट्य सादर होते, आणि प्रेक्षकांनाही गाणी शिकवून गावयास लावले जाते. हान्स क्रासा यांचे ‘ब्रुंडिबार’ हे बालसंगीतनाट्य तर तेरेझीनच्या नाझी बंदिवासात मुलांनी १९४३-४४ मध्ये पंचावन्न वेळा सादर केले. त्या मुलांपैकी बहुतेक पुढे मारली गेली. मुलांनी एकत्र येऊन गाणे ही करमणुकीपलीकडची मानवी गरज आहे, याचा याहून दारुण पुरावा मला ठाऊक नाही.

या साऱ्या विकासाकडे एकत्र पाहिले म्हणजे चार संप्रदाय स्पष्ट दिसतात. पहिल्यात अनुभवी कलावंत मुलांसाठी नाटक करतात आणि मूल प्रेक्षक असते. ग्रिप्स हा त्याचा उत्तम नमुना. दुसऱ्यात प्रौढ लेखकाची सिद्ध संहिता मुले सादर करतात. स्पर्धांतील बहुतेक बालनाट्ये या वर्गात मोडतात. तिसऱ्यात तयार ध्वनिमुद्रणावर मुले नाच करतात. आपले बहुतेक गॅदरिंग आज तेथे आहे. चौथ्या संप्रदायात मुलेच कथेची आणि गाण्याची कर्ती असतात, आणि शिक्षक हा त्यांच्या रचनेला घाट देणारा सहकारी असतो. इंग्लंडात पीटर स्लेड यांनी १९५४ मध्ये आणि ब्रायन वे यांनी १९६७ मध्ये आपल्या ग्रंथांतून प्रेक्षकांसाठी केलेले नाट्य आणि मुलाच्या विकासासाठीचे नाट्य यांतला भेद मांडला. आपल्याकडे गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्ना’तला शिक्षक गोष्ट, खेळ आणि नाट्य यांच्या आधारे चौथीचा वर्ग शिकवतो, आणि ताराबाई मोडकांनी बालशिक्षणात गाण्याला व अभिनयाला मानाचे स्थान दिले. प्रस्तुत पुस्तक निःसंशय या चौथ्या संप्रदायाचे आहे. मात्र स्लेड यांच्याइतके ते प्रेक्षकापासून दूर जात नाही. कारण आमच्या खेड्यात पालकांनी समोर बसून आपल्या लेकराचे ऐकणे, याला स्वतःची एक शैक्षणिक किंमत आहे.

असे नाटक रचण्यासाठी लागणारी सामग्री या दोन जिल्ह्यांत विपुल आहे. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ आणि त्याचे संबळ, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतले वाघ्या-मुरळी, किनवटकडच्या आदिवासी पाड्यांतली दंडार, बंजारा तांड्यांवरच्या होळीतल्या लेंगी आणि श्रावणातल्या तीजेची गाणी, नागपंचमीचे फेर, गावच्या मंदिरातले भारूड आणि भजन हे सारे मुलाच्या कानावरून गेलेले असते. भाषांचीही अशीच समृद्धी आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू, निलंगा, देवणी, उदगीरकडे कन्नड, किनवटकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, शहरांच्या मोहल्ल्यांत उर्दू आणि दखनी, आणि मराठीतही लातूरकडचे ‘करलालो’ व नांदेडकडचे ‘करायलो’. एका वर्गात यांतल्या दोन-तीन बोली सहज बसलेल्या असतात. पाठ्यपुस्तकाची प्रमाणभाषा मुलाने शिकलीच पाहिजे. परंतु नाटकातली आजी जर मुलाच्या आजीसारखी बोलली, तर ते मूल पाठ केलेले वाक्य म्हणत नाही, बोलते. तांड्यावरच्या मुलीने गोरमाटीतले कडवे म्हणावे आणि सगळ्या वर्गाने ते तिच्याकडून शिकून घ्यावे, यात जे शिक्षण घडते ते कोणत्याही धड्याने घडत नाही.

ही पद्धती प्रत्यक्षात कशी चालते याचे एक उदाहरण जवळून पाहणे इष्ट होईल. लातूरकडे मार्गशीर्षातली येळवस हा शेताचा मोठा सण. तिसरीच्या वर्गाला शिक्षक एवढेच विचारतो, की येळवशीला शेतात काय काय झाले. कडब्याची कोप, आतल्या पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील, रानात पळत दिलेली ललकारी, असे सांगता सांगता कोणीतरी बोलून जाते की, मडके कलंडले आणि आजी रागावली. वर्ग हसतो. शिक्षक फळ्यावर ओळ लिहितो: ‘आंबील सांडली, आज्जी भांडली.’ मग तो मुलांना ती ओळ टाळीवर म्हणावयास सांगतो. चार टाळ्यांत ती नीट बसते, आणि केरवा ताल आपोआप सापडतो. ती ओळ म्हणताना मुलांचा आवाज जेथे वर चढतो आणि जेथे खाली येतो, तेच तिच्या चालीचे पहिले रेखाटन असते. शिक्षकाने पेटीवर तोच चढउतार तीन-चार स्वरांत पकडावयाचा असतो. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ येते, तिसऱ्या दिवशी एक ओळ मुलेच रद्द करतात, कारण ‘असं कुणी म्हणत नाही.’ आठवडाभरात दोन कडव्यांचे गाणे तयार होते, आणि ते कोणालाही वेगळे पाठ करावे लागत नाही. पुढे, आंबील सांडल्यावर काय झाले, या एका प्रश्नातून कथानक चालू लागते.

तंत्राच्या दोन बाबींचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण बहुतेक प्रयोग तेथेच फसतात. पहिली बाब पट्टीची. पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत, खालच्या सप्तकात गाऊन दाखवतो. मुले त्याचा तो खर्ज अनुकरण्याचा यत्न करतात आणि आवाज घशात अडकतो, किंवा मागून ‘मोठ्याने म्हणा’ असा हुकूम आला की ती ओरडू लागतात. मुलांच्या सप्तकातले स्वर पेटीवर वाजवावेत, वर्गातल्याच स्वच्छ आवाजाच्या एखाद्या मुलाकडून ओळ गाऊन घ्यावी, आणि चालीचा विस्तार पाच-सहा स्वरांपलीकडे नेऊ नये, एवढ्याने निम्मी अडचण दूर होते. दुसरी बाब साथीची. ध्वनिमुद्रित ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. मूल ओळ विसरले की ट्रॅक पुढे निघून जातो आणि मूल सर्वांसमोर उघडे पडते. पेटीवर बसलेला माणूस मात्र थांबतो, तीच ओळ पुन्हा धरतो, डोळ्याने खूण करतो आणि मुलाला सावरून घेतो. म्हणून पेटी, ढोलकी किंवा हलगी आणि एखादी खंजिरी, एवढी साथ तुटपुंजी असली तरी जिवंत असावी, हा या पुस्तकाचा आग्रह मला सर्वस्वी मान्य आहे.

यानंतर पात्रयोजनेचा प्रश्न येतो, आणि तो कलेइतकाच न्यायाचा आहे. आपल्या शाळांत राजा गोरा असतो, राक्षस सावळा असतो, मुख्य काम ज्याच्या घरी शिकलेले पालक आहेत त्याला जाते, आणि द्वारपालाच्या मुक्या भूमिका वर्षानुवर्षे त्याच वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला येतात. हे कोणी हेतुपुरस्सर करते असे नाही. वेळ कमी असतो, आणि जे मूल चटकन करते त्याला काम दिले जाते. परंतु मुलाला त्यातून मिळणारा धडा कायमचा असतो. यावर पुस्तकाने सुचवलेला उपाय साधा आहे: सबंध वर्ग फेर धरून आरंभापासून अखेरपर्यंत मंचावरच राहावा, पात्रे त्या फेरातून पुढे यावीत आणि काम होताच फेरात परत जावीत, एकच आजी तीन प्रवेशांत तीन मुलींनी करावी, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला निदान एक ओळ एकट्याने बोलण्याची वा गाण्याची यावी. वीस-पंचवीस मिनिटांच्या नाटकात हे सहज साधते.

न्यायाचाच आणखी एक मुद्दा मुदतीचा आहे. आमच्या मुखेड, कंधार, लोहा यांसारख्या भागांतून ऊसतोडीसाठी जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, त्यांची मुलेही पुष्कळदा फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गॅदरिंग जानेवारीत मुकरर केले की ही मुले पटावर असूनही त्या उत्सवातून आपोआप वगळली जातात. म्हणून संगीत नाटकाचे काम जूनमध्ये शाळा उघडताच हाती घ्यावे, नागपंचमी आणि पोळा हे सण त्याच्या आड न येता त्याची सामग्री व्हावेत, आणि प्रयोग १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सुमारास करावा, ही या पुस्तकातील सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. केंद्रप्रमुखांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी तिचा गांभीर्याने विचार करावा.

आजच हा विषय का निकडीचा झाला आहे, याचे उत्तर घराघरांत दिसते. मुलाच्या हाती मोबाइल आहे, गाणे त्यातून अखंड वाहते, आणि ऐकण्याच्या या सुकाळात गाण्याचा मात्र दुष्काळ पडला आहे. जात्यावरची ओवी थांबली, अंगणातले फेर विरळ झाले, आणि आजी-आजोबांकडून नातवंडांकडे जाणारा तोंडी ठेवा एका पिढीत आटत चालला आहे. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आजोबांच्या स्मरणात आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती आई-वडिलांच्या स्मरणात आहे. या गोष्टी मुलांनी घरी जाऊन विचाराव्यात, वर्गात येऊन सांगाव्यात आणि त्यांतून एखादे गाणे जन्माला यावे, असे झाले तर गावाचा इतिहास गावाच्या मुखी राहील. अर्थात भूकंपासारख्या दुःखाचे प्रदर्शन मांडू नये. पाणी कसे भरले, कसे वाटून घेतले, शेजारी कसे धावून आले, अशा मुलाला पेलेल त्या बाजूनेच त्याकडे जावे. शासकीय धोरणही अनुकूल आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलांना अभ्यासक्रमाचे अंग मानले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला-समेकित अध्ययनाचा पुरस्कार केला. परंतु परिपत्रक दप्तरी दाखल झाले म्हणजे वर्गात गाणे सुरू होत नाही. ते कसे सुरू करावयाचे हे कोणीतरी शिक्षकाशेजारी बसून सांगावे लागते, आणि ते काम या पुस्तकाने पत्करले आहे.

या पुस्तकात तयार संहितांचा संग्रह शोधणाऱ्याची निराशा होईल, आणि ती व्हावी अशीच योजना आहे. येथे दिलेली गाणी आणि प्रवेश नमुन्यादाखल आहेत. ती जशीच्या तशी बसवणे म्हणजे पुन्हा दुसऱ्या संप्रदायाकडे परतणे होय. कथाबीज कसे ऐकावे, ओळीला ताल कसा सापडतो, लाजऱ्या मुलाला फेरातून पुढे कसे आणावे, तालमीचा तास अध्यापनाच्या वेळापत्रकात कसा बसवावा, कपडेपट घरच्या लुगड्या-धोतरांतून आणि नेपथ्य कडब्याच्या पेंढ्यांतून कसे उभे राहते, जमाखर्च गावासमोर कसा ठेवावा, अशा प्रश्नांची उत्तरे येथे अनुभवाच्या भाषेत आहेत. संगीताचे पद्धतशीर शिक्षण झालेले नाही अशा शिक्षकाला हे पुस्तक विशेष उपयोगी पडेल, कारण प्राथमिक शाळांतील बहुसंख्य शिक्षक त्याच स्थितीत आहेत. संगीतज्ञांना यातली काही विधाने ढोबळ वाटतील. रागाची शुद्धता येथे मागे ठेवली आहे आणि मुलाचा मोकळा आवाज पुढे. प्राथमिक वर्गांपुरता हा क्रम योग्य आहे, असे माझे मत आहे. पुढच्या वर्गांत शास्त्र शिकता येते; पण आठव्या वर्षी ‘तुला गाता येत नाही’ असे ऐकलेले मूल बहुधा जन्मभर गात नाही.

दिग्दर्शक या शब्दाभोवती जे वलय आहे ते प्राथमिक शिक्षकाने मनातून काढून टाकावे. त्याने सांगावे थोडे आणि ऐकावे फार. मुलांनी दहा कल्पना दिल्या तर त्यांतल्या नऊ का सोडल्या हे त्यांना समजेल असे सांगावे. आणि प्रयोगात चूक झाली तर ती मुलांच्या देखत हसून मिटवावी. पालकांनीही बक्षिसाचा हट्ट धरू नये, आणि शेजारच्या शाळेच्या झगमगाटाशी आपल्या लेकरांच्या गाण्याची तुलना करू नये.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे की, त्यांनी ते वाचून कपाटात ठेवू नये. पहिल्या वर्षी सबंध नाटकाची उमेद धरण्याचे कारण नाही. एक वर्ग, एक प्रसंग आणि एक गाणे एवढ्यावर आरंभ करावा. ज्या शाळेत पेटी नाही तिने हलगीवर भागवावे, हलगी नाही तिने टाळीवर भागवावे. परंतु शब्द मुलांचे असावेत, आवाज मुलांचा असावा, आणि वर्गातले एकही मूल मंडपात बसून राहू नये, या तीन अटी मात्र कोणत्याही सबबीवर सोडू नयेत.